दव पडायच्या आत

१

डेन्झिलच्या मरणाचा निकाल वसईतल्या गिरीज गावच्या लोकांनी त्याच्या मातीच्या दिवशीच लावून टाकला होता. पोलिसांनी कागदावर ‘अकस्मात मृत्यू’ लिहिलं आणि हात झटकले. पुढचं पाऊल गावाने स्वतःच टाकलं. पोरगा परदेशात पायलट व्हायला गेला, हात हलवत परत आला, महिनोन्‌महिने घरात तोंड लपवून बसला आणि शेवटी आपल्याच वाडीतल्या बावखलात त्याने जीव दिला. मिस्साची प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या आवारात हे इतक्या हळू आवाजात बोललं जायचं, की फ्लॉसीला शब्दन्‌शब्द ऐकू यावा.

फ्लॉसी त्याची आई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा एकुलता एक. त्या दिवशी सकाळी ती आळीतल्याच रुडॉल्फच्या ओट्यावर येऊन बसली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. रडून झालं होतं. आता तिला काहीतरी हवं होतं.

“दादा, तू विमा कंपनीत जन्मभर मेलेल्या माणसांची चौकशी केलीस. आता माझ्या पोराची कर.”

रुडॉल्फने कप खाली ठेवला. निवृत्त झाल्यापासून तो मिरच्यांची रोपं आणि स्वतःचा रक्तदाब याखेरीज कशाचीच चौकशी करत नव्हता, आणि त्याला ते बरं वाटत होतं. “पोलीस काय म्हणतात ते ऐकलंस ना, बाय?”

“ऐकलं. गाव काय म्हणतं तेही ऐकलं. मला एवढंच कळू दे, तो आपणहून गेला का. हो म्हणालास तर मी पुन्हा विचारणार नाही. पण तू बघून सांग.”

नाही म्हणणं रुडॉल्फच्या जिवावर आलं. कारण एक गोष्ट त्यालाही माती झाल्यापासून झोपू देत नव्हती. त्या बावखलात डेन्झिलला पोहायला शिकवलं होतं ते त्यानेच. वाडीला पाणी पाजायला वाडवडिलांनी खणलेलं ते तळं. गावातली निम्मी पोरं त्यातच पोहायला शिकली. डेन्झिल आणि त्याचा मित्र जेन्सन, दोघांच्या कमरेला सुके नारळ बांधून रुडॉल्फने त्यांना पाण्यात ढकललं होतं. डेन्झिल डावरा. मिस्साची घंटा डाव्या हाताने वाजवतो म्हणून जुन्या फादरांची बोलणी खायचा, आणि पाण्यात सोडला की तिरका तिरका डावीकडेच जायचा. पण बुडायचा नाही. मासा होता तो.

“घरी चल, तुला एक दाखवते,” फ्लॉसी म्हणाली.

तिच्या घरातल्या अल्तारावर, मदर मेरीच्या मूर्तीपुढे, गोणपाटात गुंडाळलेलं एक गाठोडं ठेवलं होतं. काथ्याच्या दोरीने आवळलेलं. समोर मेणबत्ती जळत होती. खोलीभर पिकून गोड झालेल्या केळ्यांचा दाट वास कोंडला होता.

“मी नंदाखालला बहिणीकडे गेले होते. बांबूच्या तट्ट्यांवर सुकेळी वाळत घातलेली. त्याला बजावलं होतं, दव पडायच्या आत उचल. संध्याकाळी आले तर केळी उचललेली, पानांत गुंडाळून, नीट बांधून ओट्यावर ठेवलेली. मला वाटलं, पोरगा काम करून बाहेर गेला. रात्रभर वाट बघत बसले मी, आणि तो पन्नास पावलांवर पाण्यात होता.” तिने दोरीवरून बोट फिरवलं. “ही त्याची विमानाची गाठ. म्हणायचा, मम्मी, तिकडे मी उडायला कमी आणि विमानं बांधायलाच जास्त शिकलो. आता मला सांग दादा, मरायला निघालेला माणूस केळी उचलून ठेवतो?”

राजेळी केळी सोलून उन्हात सुकवायची म्हणजे आठ दिवसांचा खेळ. सकाळी पसरायची, आणि संध्याकाळी सुक्या पानांत गुंडाळून आवळून ठेवायची. एक दिवस दवात राहिली की सगळा घाणा गेला. सुकेळीच्या घरातल्या पोराला चालायच्या आधी हे कळतं.

आवरून-सावरून मेलेली माणसं रुडॉल्फने नोकरीत खूप पाहिली होती. पण त्या गाठोड्याकडे बघताना त्याच्या मानेवर काटा आला, आणि तो का आला हे काही केल्या त्याला सांगता येईना.

२

बावखलाच्या काठावर लाल मातीचे ढीग उभे होते. पाणी काळं, हलत नव्हतं. काठावर जुन्या रहाटाचा दगडी चौथरा. त्याची एक कड शेवाळाने हिरवी आणि एक कड धुतल्यासारखी उघडी. पोलिसांनीच धुतली असावी. एरवी खंड्या पक्ष्याचा आवाज असायचा, तोही नव्हता.

“बघून घे. सोमवारपासून बुजवायला लागणार,” मागून आवाज आला.

ॲन्सेल्म, डेन्झिलचा चुलता. वाडी दोघा भावांची, बावखल सामाईक. ॲन्सेल्मला ते केव्हापासून बुजवायचं होतं आणि डेन्झिल आडवा पडत होता. गावाने जर खुनाचा विचार केला असता, तर पहिलं नाव ह्याचंच घेतलं असतं.

“घाई आहे तुला,” रुडॉल्फ म्हणाला.

“माणूस खाल्लं त्याने. आणखी किती वाट बघू?” ॲन्सेल्म खाली थुंकला. “माझ्याकडे तसं बघू नको. भांडण होतं, आहे. सगळ्या आळीने ऐकलंय. पण मीच बघितलं त्याला सकाळी. पंप लावायला आलो, निळा शर्ट दिसला. मला वाटलं, वाऱ्याने उडून पडला असेल.” त्याचा आवाज जरा बसला. “मी एकट्याने काढूही शकलो नाही. बोंबा मारत रस्त्यापर्यंत गेलो.”

त्याचा उजवा हात खिशात होता. दोन वर्षांपूर्वी लकव्याचा झटका आल्यापासून तो हात शोभेलाच उरला होता. शर्टाची बटणंसुद्धा बायको लावून द्यायची.

“डोक्याला मार होता म्हणतात.”

“चौथऱ्यावरून उडी मारली तर खालची कड लागणारच. आणि डोक्याला लागल्यावर पोहता येणारा काय नि न येणारा काय.”

“उडी मारली असं तू बघितलंस?”

“मी दुपारपासून वाडीत नव्हतो. दवाखान्यात होतो, हाताला शेक घ्यायला. विचार जाऊन.” तो जायला वळला आणि थांबला. “निघताना एक बघितलं मात्र. ती पांढरी गाडी फ्लॉसीच्या दारात उभी होती. माणिकपूरचा एजंट, तो स्टीवन. पोराला विमानाचं स्वप्न विकणारा. पोलिसांनी मला विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.”

३

माणिकपूरला, स्टेशनजवळच्या रिक्षा स्टँडच्या वरच, स्टीवनचं ऑफिस होतं. खालून रिक्षावाल्यांचा आरडाओरडा आणि वर काचेआड एसीचा गारवा. भिंतीवर फिलिपाईन्समधल्या एका बेटावरच्या पायलट शाळेचा भला मोठा फोटो: निळं आकाश, बारा पांढरीशुभ्र विमानं ओळीत, आणि पुढे दात काढून हसणारी पोरं.

“ह्यातली उडत किती होती?” रुडॉल्फने बसता बसता विचारलं.

स्टीवन हसला. आडनावाने वसईचा, पण वाढला भोपाळला. गोड बोलणं हाच त्याचा धंदा. “अंकल, सीझनवर असतं ते. मेंटेनन्स असतो.”

रुडॉल्फ काही न बोलता बघत राहिला. नोकरीत शिकलेली ही एकच कला त्याला येत होती. थोड्या वेळाने स्टीवनचं हसू आपोआप उतरलं.

“एक. कधीकधी दोन,” तो म्हणाला. “मी तरी काय तिथे जाऊन बघितलं होतं? मला फोटो आले, मी लावले. पोरं गेल्यावर कळलं. बाकीच्या विमानांचे पार्ट काढून काढून ते एक चालवत होते. शिकवणारे सोडून गेले होते. महिन्यातून एकदा नंबर लागायचा, तोही पाऊस नसला तर. एका विमानात म्हणे कोंबडी अंडी घालायची. मला डेन्झिलनेच फोटो पाठवला होता.”

“आणि तरी ह्या वर्षी नवीन पोरं पाठवतोयस.”

“आता सुधारलंय म्हणतात.”

रुडॉल्फच्या अंगाचा तिळपापड झाला, पण राग गिळून त्याने विचारलं, “त्या दुपारी त्याच्याकडे कशाला गेला होतास?”

स्टीवनने दाराकडे बघितलं, ते बंद असल्याची खात्री केली. “रविवारी चर्चच्या हॉलमध्ये माझी मीटिंग होती. नवीन पोरं, त्यांचे आईवडील. डेन्झिल उभा राहून बोलणार होता. मी हातापाया पडायला गेलो होतो अंकल, खोटं कशाला बोलू. पण तो ऐकेना. म्हणाला, पोरांच्या तोंडाला पानं पुसलीत ते एक वेळ सोडून देईन. पण तुमच्या शाळेने एका पोराला विमानात न बसवताच पायलट करून पाठवलंय. लायसन्सला लागणारे उडायचे तास न भरताच भरले म्हणून सही करून दिलीत. जो गप्प राहिला त्याला लायसन्स, आणि बोलला तो घरी. हे मी सांगणार.”

“कोण पोरगा?”

“नाव नाही घेतलं. म्हणाला, त्याला आधी स्वतःहून सांगायची संधी देतोय. मला वाटलं, जळतोय. स्वतःला जमलं नाही ना.” स्टीवनने रुमालाने मान पुसली. “मी निघालो तेव्हा तो जिवंत होता, देवाशपथ. अंगणात तट्ट्यांजवळ उभा होता. मी फार वेळ थांबलोच नाही. ते मासे वाळत घातले होते ना तिथे, मला तो वास सहन होत नाही.”

“मासे?”

“काय ते, बोंबील की काय. काळपट, लांब लांब.”

जिना उतरताना रुडॉल्फला क्षणभर हसू आलं. ज्याला सुकेळी आणि बोंबील यांतला फरक कळत नाही, तो दव पडेल म्हणून ती उचलणार नव्हता. मग हसू जिथल्या तिथे थिजलं. वसईतून त्या शाळेत पोरं गेली होती दोनच, डेन्झिल आणि जेन्सन.

४

जेन्सनच्या दारात अजून त्याच्या स्वागताची पताका लटकत होती. त्याची आजी म्हणजे गिरीजमधली नावाजलेली सुकेळीवाली. अंगणात आताही तट्ट्या उन्हाला होत्या. खुर्चीच्या पाठीवर पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. एका विमान कंपनीने त्याला निवडलं होतं. चर्चमध्ये फादरांनी नाव घेतलं तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत रुडॉल्फही होता. पोहायला शिकवलेलं पोर आकाशात जाणार म्हणून त्याची छाती भरून आली होती.

“बसा ना अंकल. उद्या रात्री निघतोय, हैदराबादला ट्रेनिंग.” जेन्सन उभा राहिला. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं. मित्र गेलेल्या माणसाचा असावा तसाच.

“तिकडचं सांग. डेन्झिल कसा होता तिकडे?”

“पहिल्या दिवशी आम्ही दोघं त्या कोंबडीला बघून पोट धरून हसलो. नंतर हसू येईना.” तो खरंच आठवत होता. “आठजण एका खोलीत. सकाळी उठून विमानं धुवायची. कधीच न उडणारी विमानंसुद्धा धुवायची. संध्याकाळी वारा उठायच्या आधी पंखांना दोर लावून जमिनीला बांधायची. आमचा एक म्हातारा मेकॅनिक होता, तो डोळे बांधून गाठ मारायला लावायचा. वादळ रात्री येतं म्हणायचा. डेन्झिल सारखा भांडायचा ऑफिसात. मी म्हणायचो, सोड रे, कसंतरी पुरं करू आणि घरी जाऊ. तो भांडला, त्याला काढलं.”

“आणि तुझं झालं पुरं.”

“झालं.” जेन्सनने शर्टाची घडी उगाच सरळ केली. “नशीब.”

“शेवटचा कधी भेटलास त्याला?”

“नाताळात. मग भेटणंच नाही. त्या दिवशी मी माणिकपूरला टेलरकडे होतो, पँट कमरेला सैल होत होती.” तो खाली बसला. “अंकल, मला वाटतं त्याचं ठरलेलं होतं. मरायचं ठरवलेला माणूस सगळं आवरून जातो ना. तो केळीसुद्धा आवरून गेला. मला तेच आठवून आठवून…”

आतून त्याच्या आईने कॉफी आणून दिली, पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि डोळे टिपत परत गेली.

रुडॉल्फने कॉफी संपवली. जेन्सनच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, “जायच्या आधी फ्लॉसीआंटीला भेटून जा. उद्या ये, ऊन उतरताना. तिला बरं वाटेल.”

जेन्सनने मान हलवली. नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं.

५

फ्लॉसीकडे पोचेपर्यंत रुडॉल्फ धापा टाकत होता. ती अल्तारापुढे बसली होती, रोझरीची माळ हातात.

“केळी उचलून ठेवलेली होती, हे तू कुणाकुणाला सांगितलंस?”

“तुला.”

“पोलिसांना? ॲन्सेल्मला? बहिणीला?”

“नाही रे दादा.” तिने मान खाली घातली. “कसं सांगू? लोक म्हणाले असते, मुलगा गेला आणि हिला केळ्यांचं पडलंय. मी ते गाठोडं पदराखाली धरून आत आणलं.”

रुडॉल्फ खुर्चीवर टेकला. पण जेन्सनच्या तोंडून एक शब्द निसटला म्हणून तो खुनी ठरत नाही. कुणाकडून ऐकलं म्हणेल, नाहीतर तर्क केला म्हणेल, आणि उद्या रात्री निघून जाईल.

“डेन्झिलने आधी बांधलेलं एखादं गाठोडं आहे का घरात? त्याच्या हातचं?”

“माळ्यावर आहे ना. आधीचा सगळा घाणा त्यानेच बांधला. कोपऱ्यात शिडी आहे.”

रुडॉल्फ शिडी चढला. त्या वयात चढायला नको होतं, पण कुणाला सांगणार? माळ्यावर अंधार आणि तोच गोड, दमट वास. त्याने एक गाठोडं खाली आणलं आणि अल्तारावरच्या गाठोड्याशेजारी, मेणबत्तीच्या उजेडात ठेवलं.

दोन्ही गाठी एकाच शाळेतल्या. दोर स्वतःभोवतीच गुंडाळून घ्यायचा, फेरे सरकवून ताठ करायचे आणि शेवटचं टोक फासासारखं बाहेर ठेवायचं. किती ओढा, ढील देणार नाही, आणि ते टोक खेचलं की एका झटक्यात सुटेल. आळीतल्या कुणालाही अशी बांधता आली नसती. ॲन्सेल्मला तर एका हाताने कुठलीच बांधता आली नसती.

त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. माळ्यावरच्या गाठीत फेरे एका बाजूने फिरत होते. अल्तारावरच्या गाठीत ते उलटे होते. एक गाठ म्हणजे जणू दुसरीचं आरशातलं रूप.

पहिल्या दिवशी मानेवर काटा का आला होता, ते त्याला आता कळलं. ह्या घरात डेन्झिलने बांधलेलं सगळं तो पोराच्या लहानपणापासून बघत आला होता. बुटांच्या नाड्या, पतंगाचा मांजा, नाताळच्या कंदिलाची दोरी. सगळं जगाच्या उलट. अल्तारावरची गाठ तशी नव्हती.

“काय झालं दादा?”

रुडॉल्फने हात पुढे केला आणि गाठोड्यासमोरची मेणबत्ती विझवली.

६

दुसऱ्या दिवशी जेन्सन आला तेव्हा ऊन नारळांच्या शेंड्यांवर गेलं होतं. अंगणात नवीन घाण्याची सुकेळी तट्ट्यांवर पसरलेली. बावखलाकडून गार, ओला वास येत होता. फ्लॉसी ओट्यावर बसली होती. रुडॉल्फने तिला एवढंच सांगितलं होतं, की काही झालं तरी मधे बोलू नकोस.

जेन्सनने तिचे हात हातात घेतले, दोन वाक्यं बोलला. बोलताना त्याची नजर सारखी तट्ट्यांकडे जात होती. सूर्य खाली चालला होता.

“दव पडेल आंटी,” तो शेवटी म्हणाला.

“माझं गुडघ्याचं दुखणं, तिच्यात त्राण नाही,” रुडॉल्फ म्हणाला. “जरा हात लावतोस?”

जेन्सनला ते बरंच वाटलं. बोलण्यापेक्षा काम सोपं. तो झरझर केळी गोळा करू लागला, एकेक हलक्या बोटांनी, आजीने शिकवलं होतं तसं. पानांत गुंडाळली, गोणपाट घातलं, दोर ओढला, फेरे दिले, सरकवून ताठ केले, टोक बाहेर काढलं. बघायलाही लागलं नाही त्याला. अजून एक तट्टी उरली होती तेवढ्यात रुडॉल्फ आतून दोन गाठोडी घेऊन आला आणि त्याच्या गाठोड्याच्या दोन्ही बाजूंना त्याने ती ठेवली.

“हे डेन्झिलने बांधलेलं, आधीच्या घाण्याचं. हे त्याच्या शेवटच्या दिवसाचं. आणि मधलं तुझं. बघ जरा.”

“तीच गाठ आहे,” जेन्सन म्हणाला. “आम्हा सगळ्यांना शिकवलेली.”

“तीच. पण तुझी आणि शेवटच्या दिवसाची सारखी आहे. त्याची उलटी आहे. तो डावरा होता, जेन्सन.”

जेन्सन गाठोड्यांकडे बघत राहिला. त्याचा हात आपोआप स्वतःच्या दोरीवर गेला आणि तिथेच राहिला.

“तू नाताळनंतर त्याला भेटला नव्हतास. आणि केळी उचलल्याचं फ्लॉसीने माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. तू काल मला सांगितलंस.” रुडॉल्फचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्यालाच बरं वाटलं असतं. “पायलट झालेला पोरगा कोण, तेही मला ठाऊक आहे. एवढंच सांग, त्याने काय मागितलं होतं?”

जेन्सन तट्टीच्या कडेवर बसला. तो रुडॉल्फशी नाही, त्या गाठोड्यांशी बोलू लागला.

“म्हणाला, कंपनीला तूच सांग. पुन्हा तास भर, खरे भर, मी तुझ्याबरोबर येतो कुठेही. नाहीतर रविवारी मी सांगणार. मी म्हटलं, तीन पट्ट्या लागल्यात माझ्या खांद्यावर, सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्यात. तो म्हणाला, उद्या माझी मम्मी तुझ्या विमानात बसली तर?” त्याने तोंडावरून हात फिरवला. “आम्ही चौथऱ्यावर उभे होतो. मी ढकललं. मारायला नाही, अंकल. गप्प बस म्हणून ढकललं. त्याचं डोकं कडेवर आपटलं आणि तो पाण्यात गेला.”

“आणि तू?”

“हाक मारली.”

“तुला पोहता येतं. मी शिकवलंय.”

“वाटलं, येईल वर. तो नेहमी यायचा वर.” जेन्सनने बावखलाकडे बघितलं. “मग वाटलं, वर आला तर रविवारी बोलेल. असं मनात आलं, खरंच आलं. आणि मी उभाच राहिलो. पाणी हलायचं थांबलं. मी निघालो, अंगणातून जाताना बघितलं तर केळी तशीच पडलेली, ऊन गेलेलं. मला कळलंच नाही मी काय करतोय. हात आपोआप…”

इतका वेळ फ्लॉसी ओट्यावर न हलता बसली होती. आता ती उठली, खाली आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. तिने त्याला मारलं नाही. शिवीही दिली नाही.

“दव पडेल म्हणून केळी उचललीस,” ती म्हणाली. “माझ्या पोराला नाही उचललंस.”

रुडॉल्फ ओट्याच्या टोकाला गेला आणि त्याने पोलीस स्टेशनला फोन लावला. ज्या दोघांना त्याने एकाच दिवशी पाण्यात सोडलं होतं, त्यांच्यातला दुसराही आज चालला होता.

तो परत आला तेव्हा फ्लॉसीने अल्तारावरचं ते गाठोडं उचलून हातात घेतलं होतं. इतके दिवस तिने त्याच्यापुढे रोझरी म्हटली होती, त्या गाठीवर ओठ टेकवले होते. तिने बाहेर आलेलं टोक खेचलं. गाठ एका झटक्यात सुटली.

“दादा, आपणहून गेला नाही ना तो?”

“नाही, बाय. आपणहून नाही गेला.”

“रविवारी चर्चमध्ये सांगशील? मोठ्याने सांग. ते बोलतात तसं हळू नको.”

“सांगेन.”

तिने मान हलवली. मग जेन्सनने आताच बांधलेलं, मधलं गाठोडं घेतलं, त्याचीही गाठ सोडली, पानं उलगडली आणि एकेक केळं उचलून ती पुन्हा तट्टीवर पसरू लागली. रुडॉल्फ तिला थांबवायला पुढे झाला आणि जागीच राहिला. सूर्य बुडाला होता. गोणपाट ओलसर लागायला लागलं होतं. तिने शेवटचं केळं ठेवलं, हात लुगड्याला पुसले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. फ्लॉसीच्या अंगणात त्या रात्री पहिल्यांदाच सुकेळी उघडी पडून राहिली, आणि दव पडत राहिलं.